केमोकाई मास्तरांचा दुसरा नमुना

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात माणूस कशानंही मेला तरी त्याच्या तोंडातली लाळ तपासल्याशिवाय त्याला पुरता येत नव्हतं. मग तो ताडावरून पडलेला असो, की नव्वदीत झोपेतच गेलेला असो. गावच्या मुखियानं फोन करायचा, आम्ही जायचं, मेलेल्याच्या गालाच्या आतून आणि जिभेखालून कापसाची काडी फिरवायची, ती नळीत बंद करायची आणि संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. निकाल ‘नाही’ आला तर घरच्यांनी आपल्या रीतीनं अंघोळ घालून माती द्यावी. ‘आहे’ आला तर पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायची आणि घराभोवती एकवीस दिवस दोरी बांधली जायची. इबोला असा शब्द आम्ही फारसा उच्चारत नव्हतो. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्यावर सगळं भागत होतं.

लोक आम्हाला थुंकीवाले म्हणत. आमची गाडी दिसली की रस्त्यावरची पोरं ओठ गच्च मिटून घेत आणि आम्ही गेल्यावर आमच्या नावानं थुंकत.

मी बाइंदू. त्याआधी मी आरोग्यकेंद्रात सुइणीच्या हाताखाली होते. माझा जोडीदार लहाई स्वारे. काडी फिरवायचं काम त्याचं, नळी धरायची, पुसायची, बांधायची हे माझं. दहा महिन्यांत आम्ही चारशेच्या वर तोंडं उघडली असतील. लहाई मेलेल्यांशी बोलायचा. “आ करा, पा. डॉक्टरला सांगू नका, मीही घाबरलोय,” असं काहीतरी; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे पा म्हणतात. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं होतं. नंतर त्याच्या बोलण्याशिवाय आत जाणं मला जड जायला लागलं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी टेवोमाहुनहून फोन आला. केमोकाई मास्तर पहाटे गेले होते.

लहाईचं आणि मास्तरांचं नातं कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. लढाईच्या दिवसांत सात वर्षांचा लहाई एकटाच जंगलातून बाहेर आला, तेव्हा मास्तरांनी त्याला घरात घेतलं. त्यांना स्वतःचा एक मुलगा होता, मोरिबा. त्याच ताटात लहाई जेवला, त्याच शाळेत शिकला.

“आज दुसऱ्या जोडीला पाठवू,” मी म्हणाले.

“दुसरी जोडी नदीपलीकडे आहे. पूल पाण्याखाली गेलाय.” तो गाडीत खिडकीला डोकं टेकून बसला होता. खिशातून दोन गोळ्या काढून त्यानं पाण्याशिवायच गिळल्या.

“ताप आहे?”

“डोकं दुखतंय. मलेरिया. पावसाळ्यात तो माझा भाडेकरू असतो, भाडं मात्र मीच देतो.”

सकाळी कचेरीच्या फाटकावर रखवालदारानं कपाळापुढे यंत्र धरून सगळ्यांचा ताप पाहिला होता. लहाईचा ठीक होता. घरून निघण्याआधीही त्यानं गोळ्या घेतल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

टेवोमाहुनमध्ये मास्तरांच्या अंगणात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडणं चाललेलं होतं, पण दबकं. त्या वर्षी रडणारेही एकमेकांपासून हातभर लांब बसत. मोरिबा दारात उभा होता.

“दोन वर्षं पाय सुजलेले होते,” तो मला म्हणाला. “रात्री उशीला टेकून बसून झोपायचे. सगळ्या गावाला माहीत आहे ते कशानं गेले. तुम्ही काडी घालून काय शोधणार?”

“नियम आहे,” मी म्हणाले.

मास्तरांची बायको मा जातू चटईवर बसली होती. तिनं लहाईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. “तू आलास ते बरं झालं. परका आला असता तर मी दारातून आत सोडला नसता. त्यांना अंघोळ घालता येईल ना रे? मोरिबानं आणि तू, दोघांनी मिळून घालायची. त्यांनी मला तसं सांगून ठेवलंय.”

“येईल, मा.”

“नक्की?”

“उद्या दुपारच्या आत. शब्द देतो.”

दहा महिन्यांत आम्ही कुणालाही शब्द दिला नव्हता. मी त्याला गाडीमागे ओढलं, म्हणजे बोटानं खुणावलं, कारण हात लावायची बंदी होती. “असा शब्द देतात का? निकाल तुझ्या हातात आहे का?”

“पाय सुजून गेलेत ते, बाइंदू. त्यात कसला आलाय तो आजार.”

“मग काडी ते सांगेलच की.”

“काडी तेच सांगेल,” तो म्हणाला आणि पोशाख चढवायला लागला.

नियम असा होता की दोघांनी आत जायचं. एकानं काडी फिरवायची, दुसऱ्यानं पाहायचं. दाराशी आल्यावर लहाई म्हणाला, “खोली लहान आहे. खाटेभोवती पाय ठेवायला जागा नाही. मला ठाऊक आहे ना, मी तिथेच वाढलोय. तू इथेच थांब.” माझ्या हातातली नळी घेऊन तो आत गेला आणि पडदा खाली सोडला.

एरवी या कामाला दोन मिनिटं लागतात. मी दाराबाहेर उभी राहिले. पोशाखाच्या आत माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. आतून काहीच ऐकू येईना. तो बोलत नव्हता. ज्या माणसांची नावंही त्याला ठाऊक नसायची त्यांच्याशी तो बोलला होता, आणि ज्यानं त्याला लहानाचा मोठा केला त्याच्यापुढे गप्प होता. मला वाटलं, रडत असेल. सात-आठ मिनिटांनी पडदा हलला. त्याच्या चष्म्यावर आतून वाफ धरली होती आणि मास्क एका बाजूला सरकून उजव्या गालाची पट्टी उघडी पडली होती.

“मास्क,” मी म्हणाले.

“घामानं घसरला.”

मी पडद्याकडे पाहिलं. आत जाऊन बघावं असं मनात आलं होतं. मी गेले नाही. माझा यातला वाटा तेवढा आहे. तो मी पुढे आमच्या साहेबांनाही सांगितला आणि कुणापासून लपवला नाही.

नळी मी घेतली. काडी खाचेपाशी नीट मोडलेली होती, झाकण घट्ट होतं. क्लोरीनच्या फडक्यानं नळी पुसली, मनात साठपर्यंत मोजलं, पुन्हा पुसली. नाव आम्ही नळीवर आधीच चिकटवत असू, नमुना मग, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. केमोकाई, पुरुष, वय चौऱ्याहत्तर, टेवोमाहुन, खाली क्रमांक. नळीभोवती कापूस गुंडाळला, ती झाकणाच्या डब्यात घातली, डबा पिशवीत, पिशवी बर्फाच्या पेटीत. माहितीचा कागद वेगळ्या पाकिटात, कारण कागदाला ओल लागली की प्रयोगशाळावाले सगळंच परत पाठवतात. हे सगळं मी डोळे मिटूनही केलं असतं. आणि एका अर्थी तसंच केलं.

पोशाख उतरवून, हात धुऊन लहाई मा जातूपाशी गेला आणि तिच्या शेजारी चटईवर बसला. अंगाला अंग लावून. बायकांनी माना वळवल्या. मा जातूनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि लुगड्याच्या टोकानं त्याचं कपाळ पुसलं. मोरिबाची बायको तेवा पाणी घेऊन आली. लहाईनं अर्धा पेला प्यायला, उरलेला मा जातूनं संपवला.

“किती तापलायस रे,” ती म्हणाली.

“उन्हात तो पोशाख घालायचा म्हणजे असंच होतं, मा.”

मी ते ऐकलं. ऊन नव्हतं. गेले तीन दिवस आभाळ खाली उतरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास प्रयोगशाळेतून फोन आला. मी वही उघडली, क्रमांक लिहून घेतला, परत म्हणायला सांगितला. मग कचेरीमागच्या बाकाकडे गेले. लहाई तिथे अंगावर जाड शर्ट घालून बसला होता.

“मास्तरांचा आला,” मी म्हणाले. “आहे.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले होते.

“कुणाचा?”

“केमोकाई मास्तरांचा.”

“क्रमांक बघ परत.”

“दोनदा पाहिला. लहाई, मला वाईट वाटतं. पण पुरणारी माणसं निघालीसुद्धा. तू मा जातूला कळवायचं की मी कळवू?”

तो उठला. मी पुढे झाले तसा तो मागे सरकला. आणखी एक पाऊल मागे गेला. बाकाचा कोपरा त्याच्या पोटरीला लागला.

“लांब हो, बाइंदू.”

“काय झालं?”

“लांब हो म्हणतो ना. भिंतीपाशी जा.” मी भिंतीपाशी गेले. तो खाली मान घालून उभा राहिला. “ती लाळ त्यांची नाही.”

मला काही कळेना.

“त्यांच्या तोंडाला मी हातच लावला नाही. जबडा बांधलेला होता. मा जातूनं स्वतःच्या रुमालानं बांधला होता, लग्नातल्या. मला तो सोडवेना. आणि मला वाटलं, चुकून जरी ‘आहे’ निघालं, यंत्रं चुकतात कधीकधी, तर त्यांना पिशवीत घालतील. म्हणून मी माझा मास्क वर केला आणि काडी माझ्या गालात फिरवली. वाटलं, माझ्याहून ‘नाही’ कोण असणार?”

भिंतीपलीकडे कुणीतरी टंकलेखन करत होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिले. जाड शर्ट, ओठांच्या कडा सुकलेल्या, डोळ्यांत तांबडं. हे सगळं मी चार दिवस पाहत होते. याच खुणा आम्ही गावोगावी लोकांना चित्रं दाखवून सांगत फिरत होतो.

“साफा साहेबांना बोलाव,” तो म्हणाला. “आणि तो पेला. मा जातूनं माझा उष्टा पेला प्यायलाय.”

साफा साहेब आमचे वरिष्ठ. तापट माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. त्यांनी लहाईला खिडकीतूनच सगळं विचारलं, लिहून घेतलं आणि रुग्णवाहिका मागवली. मग माझ्याकडे वळले.

“तुला ताप?”

“नाही.”

“अंग दुखणं, घसा?”

“काही नाही.”

“त्याच्याबरोबर कधी जेवलीस?”

“रोजच जेवतो आम्ही. एकाच ताटलीत.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “मास्तरांचा खरा नमुना हवा. आत्ता. त्यांना तो आजार होता की नव्हता हे कळल्याशिवाय गावात कुणाला वेगळं काढायचं तेच ठरत नाही. पुरणाऱ्यांना नमुना घेता येत नाही आणि दुसरी जोडी अजून पलीकडेच अडकलीय. तू जा. गाडीत मागे एकटी बस, कुणाच्या जवळ जाऊ नकोस, पोशाखातच आत जा. परत आलीस की एकवीस दिवस घर.”

“साहेब, दुसरा निकाल येईपर्यंत मास्तरांना पुरू नका असं सांगा ना.”

“पहाटे गेलेला माणूस, तोही काल. आणखी एक दिवस ठेवायचा? आणि ठेवून तो ‘आहे’ निघाला तर गावकरी त्याला हात लावल्याशिवाय राहतील? कागदावर आज ‘आहे’ आहे. नमुना घे आणि पुरू दे.”

टेवोमाहुनपर्यंत दीड तास लागला. मी पिकअपच्या मागच्या भागात पेटी पायात धरून बसले होते. वाटेत ओळखीच्या माणसांनी हात केले. मी कुणाला हात केला नाही. दर थोड्या वेळानं मी थुंकी गिळून बघत होते, घसा दुखतो का.

घराभोवती दोरी बांधून झाली होती. दोरीच्या आत मा जातू, मोरिबा, तेवा आणि सात-आठ माणसं उभी. अंगणापलीकडे खड्डा खणलेला. त्याच्या काठावर पांढरी पिशवी आणि पिशवीपाशी चार जण पोशाखात. पाऊस भुरभुरत होता. कुणी रडत नव्हतं.

मी पोशाख चढवून पिशवीपाशी गुडघ्यावर बसले आणि तिची चेन छातीपर्यंत उघडली.

मास्तरांचा जबडा बांधलेलाच होता. निळ्या काठाचा पिवळसर रुमाल, टाळूवर गाठ. ती गाठ कुणी सोडली नव्हती, हे पाहताच कळलं. लहाई खरं बोलला होता. मी गाठ सोडली. दोन हातमोजे घातलेल्या बोटांनी ती लवकर सुटेना. जबडा ताठ झाला होता, अंगठा दाताआड घालून तो बोटभर उघडावा लागला. आत कोरडं होतं. काडी गालाला लागत होती, फिरत नव्हती. मी जिभेखाली घातली, सावकाश दाबून फिरवली, मग दुसऱ्या गालात. काहीतरी बोलावंसं वाटलं. लहाई बोलला असता. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

काडी मोडली, झाकण लावलं. मग मी रुमाल पुन्हा बांधला. ते माझं काम नव्हतं.

“काल घेतलं होतं ना?” दोरीपलीकडून मा जातूनं विचारलं. तिचा आवाज मोठा नव्हता पण सगळ्यांना ऐकू गेला. “काल लहाईनं घेतलं होतं. मग आज परत का?”

“कालचं कमी पडलं, मा.”

“आणि लहाई कुठे आहे?”

“त्याला बरं नाही.”

मोरिबानं दोरीला हात घातला. पोलिसानं काठी पुढे केली. मोरिबानं हात काढून घेतला, पण माझ्यावरची नजर काढली नाही. पिशवीची चेन वर गेली. त्यांनी मास्तरांना दोरांवरून खाली सोडलं. इमामानं लांबूनच नमाज पढला. पंधरा मिनिटांत माती ओढून झाली.

दुसरा निकाल मला घरी कळला. साफा साहेबांनी फोन केला. “नाही,” ते म्हणाले. “दोनदा चालवून पाहिला. मेलेल्याच्या तोंडात तो असला तर लपत नाही. मास्तर म्हातारपणानं आणि हृदयानं गेले.”

मी पलंगावर बसले. म्हणजे त्या घरात आजार नव्हताच. तो आमच्या गाडीतून गेला. लहाईनं काडी जिथे फिरवायची तिथे फिरवली असती, तर दुसऱ्या दिवशी दुपारी मोरिबा आणि तो, दोघांनी मिळून मास्तरांना अंघोळ घातली असती. आणि तेही बरं नव्हतं, कारण लहाईचे हात घरभर फिरले असते. कुठूनही विचार केला तरी तो एका अंधाऱ्या जागी येऊन थांबत होता.

लहाई उपचारकेंद्रात होता; त्याच्याशी माझं फोनवर दोनदा बोलणं झालं. पहिल्यांदा त्यानं सांगितलं की पंधरवड्यापूर्वी एका घरात, तान्ह्या मुलाचा नमुना घेताना, त्याचा हातमोजा अंगठ्यापाशी फाटला होता. “क्लोरीन ओतलं भरपूर. वाटलं, भागलं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं आणि तुला एकटीला फिरावं लागलं असतं.”

“मी फिरले असते.”

“हो. आता वाटतं.”

मग त्यानं मास्तरांचा निकाल विचारला. मी खोटं बोलले नाही, ‘नाही’ आला म्हणून सांगितलं.

दुसऱ्यांदा त्याला बोलवत नव्हतं. त्यानं फक्त मा जातूची चौकशी केली. मी म्हणाले, अजून ठीक आहे. तेव्हा ते खरं होतं. नवव्या दिवशी लहाई गेला. त्याच्या तोंडात काडी कुणी फिरवली ते मी विचारलं नाही.

मा जातूला आठव्या दिवशी ताप आला होता, पण तिनं तो दोन दिवस लपवला. ते दोन दिवस तेवानं तिला भरवलं, कपडे बदलले. मग दोघींना नेलं. मा जातू सत्तरीची बाई, महिन्याभरानं चालत बाहेर आली. तेवा आली नाही. मोरिबाला काही झालं नाही. मलाही काही झालं नाही. एकवीस दिवस मी सकाळ-संध्याकाळ ताप मोजला आणि बाविसाव्या दिवशी कामावर गेले. नवा जोडीदार मिळाला. मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, खोली कबुतराच्या खुराड्याएवढी असली तरी मी आत येणार.

नोव्हेंबरात मा जातू कचेरीत आली. एकटी, मोटारसायकलवर मागे बसून. केस कापलेले, खांदे आक्रसलेले. मी तिला लांबची खुर्ची दिली. ती म्हणाली, “मला आता भ्यायचं कारण नाही. एकदा होऊन गेलं की परत होत नाही म्हणतात.” तरी ती लांबच बसली.

“मला एक विचारायचंय आणि खरं सांग. त्या दिवशी लहाईनं त्यांच्या तोंडाला हात लावला होता का?”

“नाही, मा.”

“मग ते जे ‘आहे’ निघालं...”

“ते त्याचं स्वतःचं.”

“आणि माझ्या माणसाचं?”

“नाही.”

तिनं मान हलवली. तिला यातलं बरंचसं आधीच कळलेलं असावं. ती फक्त कुणीतरी समोर बसून बोलावं म्हणून आली होती. लुगड्याचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मला वाटलं, आता शाप देईल. लहाईला, मला, आमच्या काडीला. तेवाची दोन मुलं आता तिच्याकडे होती.

“म्हणजे त्यांना अंघोळ मिळाली असती,” ती म्हणाली.

“हो.”

बाहेर आमची गाडी सुरू झाली होती. नवा जोडीदार दारात येऊन मला बघून परत गेला.

“आणि त्याला?” तिनं विचारलं. “लहाईला कुणी घातली?”

“कुणी नाही, मा. तिथे घालत नाहीत.”

ती उठली. दाराशी ठेवलेल्या बादलीच्या तोटीखाली तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, खूप वेळ. क्लोरीनचं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं. मग हात तसेच ओले पुढे धरून ती रस्त्याकडे गेली. मी पेटी उचलली आणि गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी आम्हाला तीन गावं करायची होती.